मोटारसायकलच्या जोडब्रेकचे विलगीकरण

जोडब्रेकचे विलगीकरण म्हणजे पायाच्या ब्रेकने मागील चाकाबरोबर पुढील चाकही रोखणाऱ्या मोटारसायकलीतील ही जोडणी काढून दोन्ही चाकांचे ब्रेक परस्परांपासून स्वतंत्र करणे होय. विलगीकरणानंतर हाताच्या ब्रेकने पुढील दोन्ही डिस्क आणि पायाच्या ब्रेकने केवळ मागील डिस्क रोखली जाते. १९७० व १९८० च्या दशकांतील लांब पल्ल्याच्या प्रवासी मोटारसायकलींवर हा बदल केला जातो.

पार्श्वभूमी

इटलीच्या मोटो गुझी कंपनीने १९७५ मध्ये ८५० टी३ या गाडीवर जोडब्रेक दिले. तीत पायाच्या ब्रेकने मागील व पुढील डावी डिस्क, तर हाताच्या ब्रेकने पुढील उजवी डिस्क रोखली जाई. जपानच्या होंडा कंपनीने १९८३ च्या गोल्ड विंग जीएल११०० वर अशीच प्रणाली बसवली. ती आरसीबी१००० या शर्यतीच्या गाडीवरील प्रयोगांतून विकसित झाली होती.

या व्यवस्थेमागचा विचार स्पष्ट आहे. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढील चाकावर सरकतो, त्यामुळे गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढील ब्रेक करतो. अनेक चालक मात्र सवयीने केवळ पायाचा ब्रेक वापरतात. सामान व सहप्रवासी यांच्यासह जड झालेल्या गाडीला तेवढा ब्रेक अपुरा पडतो. उलटपक्षी, खडी, चिखल किंवा अगदी संथ वळण अशा ठिकाणी केवळ मागील ब्रेक हवा असताना पुढील चाकही रोखले जाते व गाडी घसरण्याची भीती असते. विलगीकरणाच्या बाजूने प्रामुख्याने हेच कारण दिले जाते.

यांत्रिक तत्त्व

द्रवचलित ब्रेक पास्कलच्या नियमावर चालतात. मास्टर सिलिंडरमधील दट्ट्यावर दिलेला दाब ब्रेक तेलामार्फत कॅलिपरमधील दट्ट्यांपर्यंत पोहोचतो. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ लहान असल्यास दाब वाढतो, परंतु लिव्हर अधिक अंतर ओढावी लागते.

एका कॅलिपरसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरला दुसरा तसाच कॅलिपर जोडल्यास दुप्पट तेल पुरवावे लागते. लिव्हर जवळजवळ दुप्पट ओढली जाते व प्रसंगी हँडलला टेकते. यासाठी मोठा मास्टर सिलिंडर बसवणे आवश्यक ठरते. उदाहरणार्थ, १२.७ मिलिमीटर व्यासाऐवजी १५.९ मिलिमीटर व्यास घेतल्यास क्षेत्रफळ सुमारे १.५७ पट होते. तेवढ्याच हाताच्या जोराने दाब सुमारे ६४ टक्क्यांवर येतो. मात्र कॅलिपर दोन झाल्याने पुढील चाकावरील एकूण जोर पूर्वीच्या सुमारे १.२८ पट होतो.

पायाच्या बाजूस नेमके उलट घडते. दोन कॅलिपरसाठी आखलेला मास्टर सिलिंडर एकाच कॅलिपरला तेल पुरवू लागतो. पेडल कमी दबते व कठीण लागते. तेथे लहान सिलिंडर बसवल्यास दाब वाढतो, पण मागील चाक अचानक जाम होण्याचा धोकाही वाढतो. मागील चाकाकडील दाब मर्यादित ठेवणारी झडप असल्यास ती काढू नये.

बदलाचे स्वरूप

बदलात पुढील नळ्यांची फेरजोडणी, मास्टर सिलिंडरची निवड आणि रबरी नळ्या बदलणे ही कामे येतात. जुन्या रबरी नळ्या दाबाखाली फुगतात. त्यांच्या जागी पोलादी जाळीचे वेष्टन असलेल्या नळ्या वापरल्यास ब्रेक अधिक घट्ट लागतो. १९८३ च्या जीएल११०० मध्ये ब्रेक लावताना पुढील भाग खाली दबू नये यासाठीची यंत्रणा कॅलिपरच्या हालचालीवर चालते, त्यामुळे वेगळ्या प्रकारचा कॅलिपर बसवल्यास ती निकामी होते.

डॉट ४ प्रतीच्या ताज्या ब्रेक तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. हे तेल हवेतील ओलावा शोषते व ओलाव्यामुळे ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. म्हणून जुने तेल पूर्णपणे काढून टाकावे. सिलिकोनयुक्त डॉट ५ त्यात मिसळू नये.

धोके व तपासणी

नळ्यांत हवा राहिल्यास लिव्हर मऊ लागते, कारण तेलाच्या तुलनेत हवा सहज दाबली जाते. काम झाल्यावर लिव्हर काही मिनिटे घट्ट धरून ती खचत नाही, सांध्यांतून गळती होत नाही आणि सोडल्यावर चाके मोकळी फिरतात हे पाहावे. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवूनही नळी ताणली जाता कामा नये. त्यानंतर मोकळ्या जागेत संथ वेगाने चाचणी घ्यावी.

यांत्रिक काम निर्दोष असले तरी चालकाची सवय बदलणे बाकी राहते. वर्षानुवर्षे पायाच्या ब्रेकवर विसंबलेल्या चालकाला आणीबाणीच्या क्षणी पुढील चाकाची मदत मिळत नाही. पुढील ब्रेक हाताने वापरण्याचा सराव नसल्यास थांबण्याचे अंतर वाढते.

होंडाच्या नंतरच्या गाड्यांतील दुहेरी जोडब्रेक, तसेच चाक जाम होऊ न देणारी एबीएस प्रणाली यांची रचना अधिक गुंतागुंतीची आहे. वर दिलेली पद्धत त्यांना लागू होत नाही.

कायदेशीर बाजू

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेतील फेरफारांवर निर्बंध आहेत. एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना एबीएस, तर त्याहून लहान दुचाकींना जोडब्रेक किंवा एबीएस अनिवार्य करण्यात आले. त्यामुळे अशा दुचाकींवरील जोडब्रेक काढणे म्हणजे कायद्याने आवश्यक ठरवलेली सुरक्षा काढून टाकणे होय.

हेही पाहा

डिस्क ब्रेक
पास्कलचा नियम
होंडा गोल्ड विंग