नातवंडांचा खर्च कोणाचा? : इंग्लंडमधील विशेष पालकत्वाची पूर्वपीठिका

आईवडील सांभाळू शकत नाहीत अशा मुलाला आजीने, मावशीने किंवा थोरल्या भावंडाने वाढवले, तर त्याच्या पोटापाण्याचा भार कोणी उचलावा, या प्रश्नाची इंग्लंडमधील कायद्याने चार शतकांत निरनिराळी उत्तरे दिली आहेत. निराधारांच्या पोषणाची व्यवस्था पॅरिशकडे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीकडे, सोपवणाऱ्या १६०१ च्या कायद्याने ऐपतदार आजी-आजोबांवर नातवंडांच्या पोषणाची सक्ती केली आणि ती न पाळणाऱ्यास दरमहा २० शिलिंग दंड ठरवला. मराठी घरात नातवंड म्हणजे दुधावरची साय. इंग्लंडमध्ये मात्र त्या सायीचाही हिशोब पॅरिशच्या वहीत जमा होता, कारण स्थानिक करदात्याच्या खिशाला तोशीस लागू नये हा त्यामागचा उघड हेतू होता. ही सक्ती १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने संपली. मात्र आपल्याच रक्ताच्या मुलासाठी पैसे कशाला, ही धारणा स्थानिक प्रशासनांच्या कारभारात टिकून राहिली.

पैशाइतकाच अवघड प्रश्न नात्याच्या कायदेशीर नावाचा होता. १९२६ मध्ये दत्तकविधानाला कायद्याची मान्यता मिळाल्यावर आजीला नातू दत्तक घेता येऊ लागला, पण मग ती कायद्याने त्याची आई ठरे आणि जन्मदाती कागदोपत्री त्याची बहीण होऊन बसे. नातेसंबंधांची ही उलथापालथ टाळण्यासाठी हॉटन समितीने १९७२ मध्ये नातेवाइकांकरिता पालकत्वाचा पर्याय सुचवला. त्यातून १९७५ च्या कायद्यात ‘कस्टोडियनशिप’ आली, पण तिची अंमलबजावणी १९८५ पर्यंत रखडली आणि १९९१ मध्ये ती मोडीतही निघाली. तिच्या जागी आलेल्या ‘निवास आदेशा’ने मूल कोणाकडे राहील एवढे ठरत असे, आजीचा शब्द आईवडिलांच्या शब्दावर चालत नसे.

ही उणीव २००२ च्या दत्तक व बालक कायद्याने भरून काढली आणि ३० डिसेंबर २००५ पासून ‘विशेष पालकत्व’ अमलात आले. या आदेशाने जन्मदात्यांचे नाते तुटत नाही, पण दैनंदिन निर्णयांत विशेष पालकाचा अधिकार वरचढ ठरतो. मुलाचे आडनाव बदलायचे किंवा त्याला तीन महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर न्यायचे, तर मात्र आईवडिलांची लेखी संमती अथवा न्यायालयाची परवानगी लागते. समुपदेशन, आईवडिलांच्या भेटीगाठींसाठी मदत, आर्थिक साहाय्य अशा सेवांची तजवीज ठेवणे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरले.

भत्ता किती, यावर मात्र खटके उडाले. मानधन व खर्च देऊन परक्या घरी मूल सांभाळायला ठेवण्याच्या प्रतिपालकत्वाच्या पद्धतीत नातेवाइकांना इतरांहून पुष्कळ कमी रक्कम देण्याचे मँचेस्टरच्या स्थानिक प्रशासनाचे धोरण उच्च न्यायालयाने २००१ मध्येच बेकायदा ठरवले होते. तरीही ल्युइशमच्या प्रशासनाने विशेष पालकांचा भत्ता प्रतिपालकांच्या दराऐवजी दत्तक-भत्त्याला जोडला, आणि २००८ मध्ये तेही धोरण न्यायालयात टिकले नाही. कर्कलीसच्या प्रशासनाने विशेष पालकांसाठी प्रतिपालकांच्या मूळ दराच्या दोन-तृतीयांश एवढीच रक्कम ठरवली होती, तीही २०१० मध्ये रद्द झाली. तीनही वेळा कात्री लागली ती नातेवाइकांच्याच रकमेला, आणि त्यात १६०१ ची जुनी समजूत डोकावते असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

याहून खोल भेद नियमांतच आहे. मदतीच्या गरजेचे मूल्यमापन करून घेण्याचा हक्क प्रामुख्याने आदेशापूर्वी प्रशासनाच्या देखभालीत असलेल्या मुलाच्या घरालाच मिळतो, इतरांच्या बाबतीत ते प्रशासनाच्या मर्जीवर असते. उपचारांसाठीचा केंद्रीय निधी २०१६ मध्ये विशेष पालकांपर्यंत पोहोचला, तोही याच अटीवर. साहजिकच, मूल प्रशासनाच्या हाती जाण्याआधीच धावून जाऊन त्याला घरी आणणारी आजी त्या हक्काच्या बाहेर राहते.