खरे पवार कोणते?

आमच्या शिरूरच्या शाळेत यंदा एकाच वर्गात पाच पवार आले. हजेरी घेताना एकाने विचारले, "गुरुजी, पवार म्हणजे काय हो?" इतिहासाचा विषय निघाला की मला राहवत नाही. पुस्तक मिटले आणि सुरुवात केली.

पवार हे नाव परमार या जुन्या राजकुळाच्या नावावरून आले, असे सांगतात. पर म्हणजे शत्रू. त्याला मारणारा तो परमार. अकराव्या शतकात धारेला राज्य करणारा विद्वान भोजराजा याच कुळातला. पुढे सात शतकांनी उदाजी पवार मराठी फौजेबरोबर माळव्यात उतरले आणि भोजाची धार पवारांच्या हाती आली. तुकोजी व जिवाजी या भावांनी देवासला राज्य मांडले, तेही एका गावात दोन गाद्या! धारेचे यशवंतराव १७६१ साली पानिपतावर पडले. "आणि या पवारांचे मलठण आपल्याच तालुक्यात आहे," असे म्हणताच पोरांच्या माना ताठ झाल्या.

तेवढ्यात एक जण मागच्या बाकाकडे बोट दाखवून हसला. "गुरुजी, हा कसला पवार? हा गावाबाहेरच्या वस्तीतला!"

त्या मुलाने मान खाली घातली. मला रात्री झोप लागेना. हसणारा पोर लहान होता. अर्धाच इतिहास सांगितला होता तो मी.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'मलठण' असे लिहून मी विचारले, "हे गाव कुठे?" "शिरूर तालुक्यात!" दौंडहून आलेली एक मुलगी उठली. "आमच्या दौंड तालुक्यातही मलठण आहे, गुरुजी."

"मग खरे कोणते?"

"दोन्ही!" वर्ग हसला.

"पवारांचेही तसेच," मी म्हणालो. मग अकोले तालुक्यातल्या धामणगावी दलित घरात जन्मलेल्या दगडू मारुती पवारांची गोष्ट सांगितली. तेच कवी दया पवार. १९७८ साली त्यांचे 'बलुतं' आले आणि गावाबाहेरचे जिणे मराठी साहित्याच्या ओसरीवर येऊन बसले. पडद्यावरच्या ललिता पवारांना तर हे आडनाव लग्नाने मिळाले. त्याला कीर्ती त्यांच्या अभिनयाने आली.

मागच्या बाकावरचा मुलगा सुटीत माझ्याकडे आला. "ते पुस्तक वाचायला द्याल?" एवढेच म्हणाला. "थोडा मोठा हो, माझी प्रत तुझ्यासाठी ठेवतो," मी म्हणालो.

त्या दिवसापासून हजेरी घेताना मी नुसते आडनाव पुकारत नाही. आधी मुलाचे नाव घेतो.