कोडिंग इंटरव्ह्यूची सत्तर वर्षं आणि सावेडी

सावेडीच्या पाइपलाइन रोडवर राहणारा एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आज रात्री लॅपटॉपवर कोडिंगचे प्रश्न सोडवत बसला असेल, तर तो देत असलेली परीक्षा त्याच्या वडिलांहूनही जुनी आहे.

1955 मध्ये आयबीएमने प्रोग्रामर निवडण्यासाठी एक चाचणी तयार केली. तिच्यात प्रोग्रामिंग नव्हतंच. अक्षरांच्या मालिका, आकृत्या आणि अंकगणित होतं. प्रोग्रामिंग येणारी माणसं मिळणारच नव्हती, म्हणून ते शिकू शकेल असं डोकं शोधायचं.

भारतीय कंपन्यांनी हाच मार्ग धरला. टीसीएस 1968 मध्ये मुंबईत सुरू झाली. पटनी कंपनीत 1978 मध्ये नारायण मूर्तींनी नंदन निलेकणींची मुलाखत घेतली. पुढे 1981 मध्ये हे दोघं आणि आणखी पाच जण मिळून पुण्यात इन्फोसिस उभी राहिली. कुठल्याही शाखेचा इंजिनिअर घ्यायचा, ॲप्टिट्यूड तपासायचं आणि कोडिंग नंतर शिकवायचं, ही इथली रीत झाली.

1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि डिग्री जिल्ह्याजिल्ह्यात पोचली. कंपन्या मात्र निवडक कॉलेजांतच कॅम्पसला यायच्या. बाकीच्यांनी फाइल घेऊन पुण्याची एसटी पकडायची. नगरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.

तिकडे अमेरिकेत मायक्रोसॉफ्टची कोडी गाजत होती: गटाराचं झाकण गोल का असतं? 2013 मध्ये गूगलचे लास्लो बॉक यांनी असली कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय असल्याचं सांगितलं. त्यांच्याआधीच फळ्यावर कोड लिहायला लावणं रुळलं होतं.

त्यामागे तर्क आहे. एक लाख संख्यांतून ठरावीक बेरजेची जोडी शोधायची आहे. प्रत्येक जोडी तपासली तर सुमारे 500 कोटी तपासण्या होतात. हॅशमॅप वापरला तर यादीतून एकदा फिरलं की काम झालं. हा फरक कुणाला दिसतो, ते अशा प्रश्नातून कळतं. पण रोजचं काम जमेल का, हे कळतंच असं नाही. होमब्रू हे सॉफ्टवेअर लिहिणारे मॅक्स हॉवेल यांना 2015 मध्ये गूगलने नाकारलं. बायनरी ट्री फळ्यावर उलटं करता आलं नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांचं सॉफ्टवेअर गूगलचेच इंजिनिअर वापरत होते.

सावेडीसाठी खरा बदल वेगळाच झाला. 2009 मध्ये गीक्सफॉरगीक्स आलं, 2012 मध्ये हॅकररँक आणि मग लीटकोड. बड्या कॉलेजातल्या पोरांना मिळणारे प्रश्न सगळ्यांना मिळू लागले. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुलाखतही घरात आली. एसटीचं भाडं वाचलं.

दार उघडलं, तरी उंबरा राहिलाच. सहा महिने कमाई न करता सराव करायला घरची ऐपत लागते. शिवाय इथे नुसतं उत्तर चालत नाही, विचार मोठ्याने, तोही इंग्रजीत बोलून दाखवावा लागतो. वर्गात गप्प बसून बरोबर उत्तर लिहिण्याचं वळण लागलेल्या मुलाची पंचाईत होते ती इथेच. डोक्यात हॅशमॅप तयार असतो, तोंडातून वाक्य निघत नाही.

आता एआय पडद्याआडून उत्तरं पुरवतो. म्हणून 2025 मध्ये सुंदर पिचाई यांनी गूगलमध्ये किमान एक फेरी समोरासमोर घेण्याचं सूतोवाच केलं. इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या, तर लॅपटॉपने मिटवलेलं अंतर परत येईल. सावेडीच्या पोराला पुन्हा पहाटेची पुण्याची गाडी पकडावी लागेल.