ग्रॅनाइटच्या जन्माचा वाद

आपल्याकडे दगड म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो सह्याद्रीचा काळा पाषाण. तो लाव्ह्यापासून झाला, यावर आता कोणी वाद घालीत नाही. पण हंपीला गेलेल्यांनी जे भल्याथोरल्या धोंड्यांचे डोंगर पाहिले असतील, त्या ग्रॅनाइटची गोष्ट निराळी आहे. हा दगड आला कोठून, या एका प्रश्नावर विद्वान मंडळी पावणेदोनशे वर्षे भांडली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात वेर्नर नावाचे थोर अध्यापक होते. त्यांचे म्हणणे असे की, आरंभी सर्वत्र समुद्र होता आणि त्याच्या पाण्यातून ग्रॅनाइट सर्वांत आधी तळाशी साचला. म्हणजे तो खडकांचा मूळपुरुषच! स्कॉटलंडमधील जेम्स हटन यांना हे पटेना. १७८५ साली ते ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत गेले. तेथे नदीच्या पात्रात तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा काळपट खडकात घुसलेल्या त्यांना दिसल्या. त्यांना इतका आनंद झाला की, बरोबरच्या वाटाड्यांना वाटले, गृहस्थांना सोन्याचांदीची शीर लागली! ज्याच्या अंगात शिरा शिरल्या तो खडक आधीचा, हे उघड आहे. मग ग्रॅनाइट मूळपुरुष कसा? तो नंतर, तापलेल्या द्रवाच्या रूपाने आत शिरला असला पाहिजे.

हटन यांचे तरुण मित्र जेम्स हॉल यांना खडक भट्टीत वितळवून पाहण्याची हौस होती. पण चिमुकल्या मुशीत डोकावून पृथ्वीच्या अवाढव्य व्यवहारांचा न्याय करणे हटन यांना मान्य नव्हते. हॉल यांनी त्यांचा मान राखला. १७९७ मध्ये हटन वारले, आणि त्यानंतरच्या वर्षी हॉल यांनी आपले प्रयोग विद्वानांपुढे मांडले. काळा दगड वितळवून सावकाश निवू दिला, तर काच न होता पुन्हा दगडच होतो, हे त्यांनी दाखविले.

येथे वाद मिटावयास हवा होता. पण एक अडचण राहिली. ग्रॅनाइटचे कित्येक प्रदेश शेकडो चौरस किलोमीटरांचे आहेत. एवढा शिलारस आत शिरला, तर तेथला आधीचा खडक गेला कुठे? १९०७ साली फिनलंडचे सेडरहोल्म यांनी एका चमत्कारिक खडकाला नाव दिले – मिग्मटाइट, म्हणजे ग्रीक भाषेप्रमाणे ‘मिश्रण’. त्यात काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या वळ्या एकमेकींत अशा मिसळलेल्या असतात की, रूपांतरित खडक कोठे संपला आणि ग्रॅनाइट कोठे सुरू झाला, हे सांगता येत नाही. यावरून दोन तट पडले. अमेरिकेतील बोवेन म्हणत, ग्रॅनाइट शिलारसातूनच होतो. लंडनचे रीड आणि त्यांचे सहविचारी म्हणत, पुष्कळसा ग्रॅनाइट जुन्या खडकाचेच रूप पालटून जागच्या जागी झाला. १९४७ साली ओटावा येथे दोन्ही पक्ष समोरासमोर आले. पण निकाल लागला नाही.

निकाल लागला तो मुशीतच! टटल आणि बोवेन यांनी ग्रॅनाइटची घटकद्रव्ये पाण्यासह, प्रचंड दाबाखाली तापविली. कोरडा ग्रॅनाइट वितळावयास हजार अंशांच्या आसपास उष्णता लागते. पाणी आणि दाब मिळाला की सातशे अंशांच्या आतच रस सुटू लागतो. हे संशोधन १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते पाहावयास बोवेन हयात नव्हते. त्याच सुमारास जर्मनीत विंकलर यांनी चिकणमातीपासूनच असा रस काढून दाखविला.

ही क्रिया समजावयास आपले लोणी कढविणेच पाहा ना! तूप सुटते, बेरी तळाशी राहते. पर्वतांच्या मुळाशी, पंचवीस-तीस किलोमीटर खोल, रूपांतरित खडक तापतो. त्यातील अभ्रक मोडते आणि त्यात बांधलेले पाणी सुटते. त्या पाण्याच्या मदतीने गारगोटी आणि फेल्स्पार यांचा काही भाग वितळतो. हा पांढरा रस म्हणजे तूप; काळी, अभ्रकयुक्त खनिजे ही बेरी. रस जागीच थिजला तर मिग्मटाइट. हलका म्हणून निसटून वर जाऊन साठला आणि निवाला, तर ग्रॅनाइट. गंगोत्रीजवळचे शिवलिंग शिखर अशाच फिकट ग्रॅनाइटचे आहे. हिमालय उभा राहताना, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी, तो रस सुटला. सगळाच ग्रॅनाइट असा होतो असे मात्र नाही. १९७४ साली ऑस्ट्रेलियातील चॅपेल आणि व्हाइट यांनी दाखविले की, काही ग्रॅनाइट मूळच्या गाळापासून, तर काही मूळच्या अग्निज खडकापासून झालेले आहेत.

आपला महाराष्ट्रही याला परका नाही. कोयना भागात २०११ नंतर खोल विवरे खणली गेली, तेव्हा काळ्या पाषाणाचे थर संपल्यावर खाली ग्रॅनाइट आणि पट्टिताश्मच लागले. म्हणजे सह्याद्रीही त्याच जुन्या पायावर उभा आहे.

तेव्हा जिंकले कोण? उष्णतेचा पक्ष हटन यांचा, तो खरा ठरला. वेर्नर यांचा समुद्र गेला. पण पाण्यावाचून हा खडक सहजी वितळत नाही, हेही खरेच! रीड यांचा रूपपालट हा वितळण्याआधीचा टप्पा निघाला, आणि ज्या मुशीचा हटन यांना भरवसा नव्हता, तिनेच अखेर त्यांची बाजू राखली. डोंगर पाहिल्यावाचून प्रश्न सुचत नाही आणि मुशीवाचून उत्तर पारखता येत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी या लांबलेल्या भांडणाचे सार्थक झाले म्हणावयाचे.