समुद्राखालची कौलं

गेल्या हिवाळ्यात आमचं एक रिलीज चक्क वेळेत गेलं (हो, होतं असं कधीकधी) आणि चार दिवस सुट्टी मिळाली. दौंडहून गोवा एक्स्प्रेस पकडली आणि वास्को गाठलं. मी शिरूरचा, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत घोडनदीचा. पाठीला डबा बांधून घोड नदीत पोहायला शिकलेला माणूस, समुद्राशी संबंध शून्य. पण बुडालेलं जहाज एकदा बघायचंच, हे डोक्यात पक्कं बसलं होतं.

मुरगावसमोरच्या ग्रांदी बेटाजवळ डायव्हर लोक ज्याला 'सुझीज रेक' म्हणतात ती जागा आहे. फार खोल नाही म्हणून नवशिक्यांना तिथे नेतात. उथळ जहाजाचा फायदा साधा आहे: दहा मीटर खाली दाब वरच्या दुप्पट होतो, म्हणजे तीच टाकी निम्मा वेळ पुरते. जितकं वर, तितकं जास्त वेळ बघता येतं.

पाणी कोमट, हिरवट. सिनेमातलं अख्खं जहाज मनात घेऊन गेलो होतो. दिसले ते शिंपल्यांनी मढलेले गंजके पत्रे आणि शाळा सुटल्यासारखी माशांची गर्दी. तळहाताएवढा एक तुकडा सुटा पडला होता. उचलला. गाइडने लगेच माझं मनगट धरलं आणि बोटाने खाली खूण केली. ठेव.

होडीत आल्यावर मी म्हटलं, "एवढ्याशा तुकड्याने काय बिघडणार होतं?"

"रोज माणसं येतात, भाऊ. प्रत्येकाने एक नेला तर तुम्हाला काय दाखवू?"

तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा तो उतरला.

दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले सिला त्रिपाठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं गोव्याची बुडालेली जहाजं शोधली. मुरगावजवळच्या सुंची रीफवर 1997 पासून त्यांनी काम केलं. तिथे तोफा, नांगर, चिनी भांडी, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात मिळाले. जहाज 17व्या शतकातलं, बहुधा पोर्तुगीज. पाणघोडा भारतात नाही, आफ्रिकेत आहे. म्हणजे जहाजाचं नाव माहीत नसताना एका दातावरून त्याचा अर्धा रूट कळतो! आम्ही लॉग फाइल बघून बग शोधतो तसंच हे.

पण माझं आवडतं जहाज दुसरंच आहे. सेंट जॉर्जेस रीफवरचं. तिथे खजिना नाही. तिथे मिळाल्या भाजलेल्या मातीच्या वस्तू: छपराची आणि कोन्याची कौलं, फरशा, चिमणीच्या विटा, खांबांचे पोकळ तुकडे. त्यांवर ठसा होता बासेल मिशन टाईल वर्क्सचा, आणि साल 1865.

आता तुम्ही म्हणाल, झालं, तारीख मिळाली. मलाही तसंच वाटलं. पण 1865 हे कारखान्याच्या स्थापनेचं साल. त्या वर्षी प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला. मिठाईच्या दुकानावर 'स्थापना 1942' लिहिलेलं असतं म्हणून आतली बर्फी तेव्हाची नसते. म्हणजे त्या ठशावरून एवढंच ठरतं की जहाज 1865 च्या आधी बुडालेलं नाही. कोमट समुद्रात लाकूड किडे पोखरून खातात, लोखंड गंजतं, उथळ पाण्यात तर दर पावसाळ्यात लाटा सगळं घुसळून काढतात. भट्टीत भाजलेली माती तेवढी टिकते. त्यातला अक्षरं असलेला तुकडाच माझ्यासारख्याने 'आठवण' म्हणून खिशात घातला असता तर? 2001 चा युनेस्कोचा करारही म्हणतो की अशा वस्तू आधी जागेवरच ठेवायचा विचार करा.

(मुरगाव बंदरात 1943 साली एहरेनफेल्स वगैरे जर्मन जहाजं बुडाली, त्यावर ग्रेगरी पेकचा सिनेमा निघाला. कौलांवर कोण सिनेमा काढणार?)

हे सगळं वाचताना शिरूरचं आमचं जुनं घर आठवत होतं. त्यावरही मंगलोरी कौलं होती. किनाऱ्याने जहाजातून जाणारी ही कौलं पुढे घाट चढून आमच्यापर्यंत कशी आली, हे कधी मनातच आलं नव्हतं. मी सातवीत असताना घर पाडून स्लॅब टाकला, कौलं नगावर विकली. खाली उतरवायला मीच होतो आणि एकही उलटं करून वाचलं नाही. जहाजं शोधत गोव्याला गेलो आणि डोक्यावरचं वाचायचं राहून गेलं.

मग आठवलं की दोन-चार कौलं दौंडच्या आत्याने नेली होती. मागच्या रविवारी गेलो. एकच उरलंय, परसात मोरीच्या भोकावर झाकण म्हणून. उलटं केलं, चिखल पुसला. इंग्रजीत 'टाईल वर्क्स' आणि खाली 'मंगलोर' स्पष्ट आहे. आधीचं नाव आणि साल झिजून गेलंय. बोट फिरवून पाहिलं, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून फोटो काढले, काही लागलं नाही.

"झालं का तुझं?" आत्या दारातून म्हणाली. "ठेव बाबा ते जागेवर. उंदीर येतात."