भिंतींच्या पोटांतील खर्च

श्रोतेहो, घर ऊबदार कसें ठेवावें हा प्रश्न आपल्या मुंबई-पुण्याच्या गृहस्थास फारसा सतावीत नाहीं. थंडीच्या चार रात्रींपुरती एखादी घोंगडी किंवा शेगडी त्याला पुरते. परंतु ज्या देशांत महिनेच्या महिने बर्फ पडतें, तेथें तळघरांतील भट्टी हा घराचा प्राणच होय, आणि तिच्यापासून खोल्याखोल्यांत गेलेले उष्ण हवेचे नळ म्हणजे त्या घराच्या नाड्या. ह्या नाड्या जुन्या झाल्या म्हणजे धन्यास काय मोजावें लागतें, तें एका अत्यंत प्रसिद्ध घराच्या इतिहासावरून आज सांगावयाचें आहे.

कल्पना मात्र फार जुनी. रोमन लोक विटांचे सुमारें दोन फूट उंचीचे खांब रचून त्यांवर फरशी घालीत आणि खालच्या पोकळींतून भट्टीची उष्ण हवा खेळवीत. भिंतींतहि पोकळ विटांचे मार्ग ठेवीत. रोमन सत्तेबरोबर ही विद्या पश्चिम युरोपांत बहुतेक लोपली आणि लोक पुन्हा चुलाण्याभोंवतीं हात शेकीत बसूं लागले. एकोणिसाव्या शतकांत ती नव्या रूपानें परतली. भट्टी तळघरांत ठेवावयाची. तापलेली हवा हलकी होऊन आपोआप वर चढते, थंड हवा जड होऊन खालीं उतरते. पंखा नसल्यामुळें नळ चांगले रुंद आणि चढते ठेवावे लागत. भट्टीच्या माथ्यावरून चोहों बाजूंस फुटलेले हे जाडजूड नळ पाहून अमेरिकन लोकांनीं तिला ‘ऑक्टोपस’ हें समुद्रांतील अष्टपाद प्राण्याचें नांव दिलें. पुढें विजेचा पंखा आला, हवा जोरानें ढकलतां येऊं लागली, आणि अरुंद नळ पुरेसे झाले. म्हणजे भट्टी बदलली कीं जुने नळहि निरुपयोगी!

आतां ज्या घराची गोष्ट सांगावयाची, तें म्हणजे वॉशिंग्टन येथील ‘व्हाइट हाउस’. त्याची कोनशिला १७९२ सालीं बसली आणि १८०० सालीं जॉन अॅडम्स तेथें राहावयास गेले. १८१४ सालीं इंग्रजांनीं तें जाळलें, व त्याच भिंतींच्या आधारानें तें पुन्हा उभें राहिलें. १८४० च्या सुमारास, व्हॅन ब्यूरन अध्यक्ष असतां, तेथें उष्ण हवेची मध्यवर्ती भट्टी बसली. त्याच वर्षीं ओगल नांवाच्या एका विरोधी प्रतिनिधीनें अध्यक्षांच्या घरावरील खर्चाची टर उडविणारें लांबलचक भाषण केलें, आणि वर्षअखेर व्हॅन ब्यूरन निवडणूक हरले. १८३७ पासूनची मंदी हें पराभवाचें मोठें कारण खरें. परंतु राज्यकर्त्याच्या घरावरील खर्च जनतेच्या डोळ्यांत किती लवकर सलतो, तें यावरून दिसतें.

आणि म्हणूनच कीं काय, पुढील शंभर वर्षें त्या घराची समूळ दुरुस्ती कोणी केली नाहीं. जो आला त्यानें नवें कांहींतरी भिंतींत खुपसलें. पाण्याचे नळ १८३३ सालींच आले होते. १८४८ सालीं गॅसचे दिवे, १८५३ सालीं गरम पाण्यानें घर तापविण्याची योजना, १८९१ सालीं वीज. प्रत्येक वेळीं तुळया कोरल्या, भिंतींना भोंकें पाडलीं, आणि जुनें तसेंच ठेवून त्याशेजारीं नवें बसविलें. १९२७ सालीं वरचा मजला पोलाद-काँक्रीटचा झाला आणि त्याचा भार त्याच पोखरलेल्या अंगावर पडला.

१९४८ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांच्या कन्येच्या पियानोचा एक पाय जमिनींत घुसला, तेव्हां सर्वांचे डोळे उघडले. वरचा मजला केवळ संवयीनें उभा आहे, असें तपासणाऱ्या एका अधिकाऱ्यानें म्हटलें. अध्यक्षांचें कुटुंब रस्त्यापलीकडील ब्लेअर हाउसमध्यें राहावयास गेलें.

प्रश्न पडला: घर पाडून नवें बांधावें, कीं राखावें? नवें बांधणें सोपें होतें. परंतु ज्या भिंतींनीं इंग्रजांची आग सोसली, त्या पाडणें राष्ट्राच्या मनास रुचण्यासारखें नव्हतें. शेवटीं बाहेरच्या दगडी भिंती तेवढ्या ठेवून आंतलें सारें काढावयाचें ठरलें. भिंतीला मोठें खिंडार पाडूं नये म्हणून माती काढण्याचें यंत्र सुटें करून आंत नेलें व तेथें पुन्हा जोडलें! आंत पोलादी सांगाडा उभा राहिला. खालीं नवीं तळघरें खणून यंत्रांना जागा दिली. उष्ण व थंड हवेची नवी योजना आली. त्याकरितां ५४ लक्ष डॉलर मंजूर झाले होते, म्हणजे १९४९ च्या अखेरच्या भावानें सुमारें अडीच कोटि रुपये. प्रत्यक्ष खर्च त्याहून थोडा अधिकच झाला. २७ मार्च १९५२ रोजीं ट्रूमन परतले.

सामान्य माणसाच्या घरीं हीच कथा लहान प्रमाणावर घडते. जुन्या अमेरिकन घरांतील नळांवर पुष्कळदां अॅस्बेस्टॉसचा कागद गुंडाळलेला असतो. एके काळीं तें उत्तम वेष्टण मानीत. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याचें आतां सिद्ध झालें आहे, म्हणून तें काढावयास शिकलेले कारागीर बोलवावे लागतात. बरें, नळ तसेच ठेवावे, तर सांध्यांतून ऊब गळते. सामान्य घराच्या नळांतील शेंकडा २० ते ३० हवा अशी वायां जाते, असा तेथील सरकारी अंदाज आहे. म्हणजे न केलेल्या दुरुस्तीचीहि किंमत धनी दर हिवाळ्यांत भरीतच असतो. फक्त ती इंधनाच्या बिलांत लपलेली असते.

श्रोतेहो, पत्र्याच्या नळाची किंमत ती काय! खरा खर्च भिंत उघडण्याचा, गिलावा पुन्हा करण्याचा, आणि तोंवर बिऱ्हाड दुसरीकडे हलविण्याचा. आपल्या जुन्या वाड्यांत भट्टीचे नळ नाहींत. पण पाण्याचे नळ व विजेच्या तारा आहेतच. त्या बसवितांना भिंतीचें काय झालें, हें आपण कधीं पाहिलें आहे काय? पियानोचा पाय घुसेपर्यंत वाट पाहाण्याची ऐपत मोठ्या राष्ट्राला असते. आपल्यासारख्या संसारी माणसानें त्याआधींच एकदां भिंतीला कान लावावा, हें बरें.