पीएचडीनंतरची दक्षिणा

श्रावण महिना, तळेगाव, अठराव्या शतकाची सुरुवात. सेनापती खंडेराव दाभाडे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्रिंबकराव पडला आणि हा परिपाठ पुण्याला पेशव्यांकडे आला. पर्वतीच्या पायथ्याशी भिंत घातलेलं मोठं आवार होतं, त्याला रमणा म्हणत. देशभरातून आलेले शास्त्री-पंडित आणि भिक्षुक त्या आवारात जमत आणि विद्वत्तेच्या मानाने रक्कम घेऊन बाहेर पडत. उत्तर पेशवाईत हा खर्च लाखांत गेला होता आणि विद्येची पारख मागे पडून नुसत्या जातीवर पैसे जात होते, ही तक्रार तेव्हाही होती.

आज मेंदूविज्ञानात पीएचडी केलेल्या मुलीला पोस्टडॉक्टरल फेलोशिप मिळते. या फेलोशिपची कुळकथा सांगताना मी थेट अमेरिकेला जात नाही, याच रमण्यापासून निघतो. फेलोशिप म्हणजे काय, तर ज्याने स्वतःची योग्यता दाखवली आहे अशा माणसाला काही वर्षं पोटाची काळजी न करता अभ्यास करू देणं. महाराष्ट्रात सरकारी खजिन्यातून असा पैसा देण्याची रीत दक्षिणेतून सरळ उतरली आहे, आणि तो पैसा कुणाला मिळावा यावरचा आपल्याकडचा पहिला मोठा वादही दक्षिणेवरच झाला.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास रक्कम चालू ठेवली आणि तिच्यातला एक भाग बाजूला काढून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे नवी नावं घेणं थांबलं, जुने दक्षिणेकरी वारले की त्यांची रक्कम शिल्लक राहू लागली. त्या शिलकीचं काय करायचं? १८४९ च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्या मित्रांनी सरकारकडे अर्ज केला, की हा पैसा मराठीत उपयोगी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, मग तो कोणत्याही जातीचा असो. पुण्यातला सनातनी वर्ग खवळला. अर्जदारांच्या अंगावर जमाव येणार अशी वेळ आली, तेव्हा विशी नुकती ओलांडलेले जोतीराव फुले आपले लोक घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. दक्षिणा प्राइझ कमिटी झाली ती त्यानंतर. फुल्यांच्या चरित्रात हा प्रसंग चार ओळींत उरकला जातो. माझ्या मते आपल्या विद्याव्यवहारातल्या मोठ्या घटनांमध्ये तो धरायला हवा, कारण सार्वजनिक पैशातून मिळणारी विद्यावृत्ती जातीवर नको, कामावर हवी, हे तिथे पहिल्यांदा रस्त्यावर उभं राहून सांगितलं गेलं.

त्याच निधीतून पुढे दक्षिणा फेलो निघाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर दक्षिणा फेलो होते, महादेव गोविंद रानडेही होते. रानड्यांना कनिष्ठ फेलो म्हणून तीन वर्षं महिना ६० रुपये आणि वरिष्ठ फेलो म्हणून आणखी तीन वर्षं १२० रुपये मिळाले. थोडं शिकवायचं आणि उरलेला वेळ वाचायचं, लिहायचं. एल्फिन्स्टन कॉलेजच्या ग्रंथालयात रानड्यांनी जे वाचलं त्यावर पुढची पस्तीस वर्षं महाराष्ट्र चालला, असं म्हटलं तर ते फार होणार नाही. मंगळदास नथुभाईंनी मुंबई विद्यापीठाला परदेशी शिक्षणाच्या फेलोशिपसाठी वीस हजार रुपये दिले तेही याच काळातलं. सरकारी दक्षिणेला व्यापाऱ्यांच्या दानाची जोड मिळाली.

बायका मात्र या सगळ्यात कुठेच नव्हत्या.

 ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना जन्मली. नवव्या वर्षी तिचं पोस्टखात्यात नोकरीला असलेल्या गोपाळरावांशी लग्न झालं आणि ती आनंदीबाई झाली. वैद्यक शिकायला अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हा तिच्यासाठी कुठलीच फेलोशिप नव्हती. मुंबई विद्यापीठाने पदवीचं दार बायकांना उघडलं १८८३ मध्ये, आणि त्याच वर्षी ७ एप्रिलला आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजावर चढल्या. त्याआधी २४ फेब्रुवारीला सेरामपूरला त्यांनी जाहीर भाषण करून आपण का जातो ते लोकांना सांगितलं होतं. अंगावरचं सोनं विकलं. पोस्टखात्याच्या प्रमुखांनी वर्गणी उघडली, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी २०० रुपये दिले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी, नुसत्या पत्रांच्या ओळखीवर, आपलं घर दिलं. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजने शिष्यवृत्तीवर दाखल करून घेतलं. ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागावर नेमणूक केली, पण ती जागा घेण्याआधी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, क्षयाने त्यांचा पुण्यात अंत झाला. वय पुरतं बावीसही नव्हतं.

ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. मला ती व्यवस्थेच्या अभावाचीही वाटते. दागिने, वर्गणी, एका परक्या बाईचं मोठं मन, एका कॉलेजचा चांगुलपणा, असे तुकडे जोडत तिने तीन वर्षं काढली, थंडीत, अपुऱ्या अन्नावर. हुशारीला लागणारा पैसा दयेवर उभा असला की त्याची किंमत शरीर देतं.

नियमाने मिळणारा पैसाही तेव्हा बाईला मिळत नव्हता, याचा दाखला कॉर्नेलिया सोराबजींचा. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया परीक्षेत पहिल्या आल्या. त्या निकालावर इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या हक्काची होती. बाई म्हणून नाकारली गेली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे जमवले तेव्हा १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोचल्या.

हे बदललं ते जमशेटजी टाटांच्या निधीने. १८९२ मध्ये त्यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी जे. एन. टाटा एन्डाउमेंट सुरू केली, आणि पहिल्याच निवडीत फ्रेनी कामा या डॉक्टर बाई होत्या. दान फुकट नव्हतं, ते कर्जाऊ होतं. परत आलेल्याने फेडलेल्या पैशातून पुढचा विद्यार्थी जाई. १९५७ मध्ये केंब्रिजला गेलेले जयंत नारळीकरही याच निधीचे विद्यार्थी.

बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड दिले, अट होती परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. नोकरी होती, पण बडोद्यात त्या माणसाला राहायला जागा मिळाली नाही. जातीने शिष्यवृत्तीच्या कागदावर मात केली. परदेशी पाठवण्याइतकाच परत आल्यावर पाय ठेवायला जागा देण्याचा प्रश्न मोठा असतो, हे तेव्हा दिसलं. त्यावर धोरण व्हायला नव्वदएक वर्षं लागली. परदेशातून परतणाऱ्या जीवशास्त्रज्ञांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप निघाली ती २००६ च्या सुमारास.

पीएचडीच्या पुढची फेलोशिप, म्हणजे ज्याला आज सगळे नुसतं ‘पोस्टडॉक’ म्हणतात, ती वेगळी चीज आहे. तिचं जन्मस्थान अमेरिका. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने भौतिक आणि रसायनशास्त्राच्या नव्या डॉक्टरांना फेलोशिपा दिल्या. नव्या प्राध्यापकावर शिकवण्याचं ओझं एवढं पडतं की त्याचं संशोधन तिथेच विझतं, म्हणून आधी काही वर्षं त्याला मोकळं सोडा, असा विचार त्यामागे होता. थोड्याच वर्षांत वैद्यक आणि जीवशास्त्रही तिच्यात आलं. पैसा माणसाच्या नावावर, आणि प्रयोगशाळा त्याने निवडायची. पोस्टडॉकचा खरा गाभा हाच. प्रयोगशाळेच्या प्रमुखाच्या प्रकल्पातून पगार घेणारा आणि स्वतःची फेलोशिप घेऊन आलेला, हे दोघं शेजारच्या टेबलांवर काम करतात, पण दुसऱ्याला स्वतःचा प्रश्न असतो. कमला सोहोनी (तेव्हाच्या भागवत) मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांवर १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या आणि दोन वर्षांत पीएचडी घेऊन आल्या, त्यातही ही स्वतःच्या नावावरच्या पैशाची ताकद दिसते.

मेंदूचा अभ्यास आपल्याकडे आधी डॉक्टरांनी आणला. मॉन्ट्रिअलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकलेले जेकब चँडी १९४९ मध्ये वेल्लोरला आले, १९५१ मध्ये न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मूलभूत मेंदूविज्ञान मुंबईत आलं कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. होमी भाभांनी १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकींना रेणवीय जीवशास्त्रासाठी बोलावलं, आणि सत्तरच्या दशकात सिद्दिकी फळमाशीच्या मज्जासंस्थेकडे वळले. त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज हिने माशीला वास आणि चव कशी कळते ते जनुकांतून शोधलं, पोस्टडॉकला जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत गेली आणि परत टाटा संस्थेत आली.

मराठी वाचकाने लक्षात ठेवावं असं नाव शुभा टोळे यांचं. मुंबईत वाढल्या, सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पीएचडी, शिकागोला पोस्टडॉक. १९९९ मध्ये त्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या तेव्हा त्यांच्याकडे ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टची सीनियर फेलोशिप होती, म्हणजे परतल्याबरोबर प्रयोगशाळा उभी करायला स्वतःचा पैसा. गर्भातल्या मेंदूत कोणत्या पेशींनी बाह्यक व्हायचं आणि कोणत्यांनी स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस व्हायचं, हे एलएचएक्स-२ या जनुकावर कसं ठरतं, ते त्यांच्या गटाने दाखवलं. २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे त्या इब्रोच्या, म्हणजे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मेंदू संशोधन संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. ही संघटना गरीब आणि विकसनशील देशांतल्या तरुण मेंदू-संशोधकांना फेलोशिपा देते. फेलोशिपवर घरी परतलेली बाई आज फेलोशिप देणाऱ्यांच्या खुर्चीवर आहे.

वेलकम ट्रस्टचा पैसा औषधांच्या धंद्यातून आलेला, हेन्री वेलकम यांच्या १९३६ च्या मृत्युपत्राने विश्वस्तांकडे गेलेला. २००८ मध्ये या ट्रस्टने भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाशी भागीदारी केली आणि इंडिया अलायन्स जन्माला आली. तिची अर्ली करिअर फेलोशिप पाच वर्षांची असते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिसऱ्या टप्प्याला १,५०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, त्यात १,००० कोटी सरकारचे आणि ५०० कोटी वेलकमचे.

पाच वर्षं हा आकडा मेंदूविज्ञानात चैनीचा नाही. हव्या त्या जनुकाचे उंदीर मिळवायचे, त्यांची वीण वाढवायची, समितीची परवानगी घ्यायची, यातच वर्ष सरतं. पिलांच्या बालपणी दिलेल्या ताणाचा मोठेपणी काय परिणाम होतो हे पाहायचं, तर उंदीर मोठा होईपर्यंत थांबावंच लागतं. सरकारची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची आहे. दोन वर्षांत असा प्रयोग जेमतेम रुळावर येतो.

रकमेचंही बोललं पाहिजे. जानेवारी २०२३ पासून सरकारी प्रकल्पांवरच्या रिसर्च असोसिएटला दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता असा दर झाला. तीस-बत्तीस वर्षांच्या, घरची जबाबदारी आलेल्या माणसाला मुंबईत ही रक्कम तुटपुंजी आहे, म्हणून कुलाब्यात काम करणारे संशोधकही कल्याण-डोंबिवलीत घर घेतात आणि रात्रीचा प्रयोग शेवटच्या लोकलच्या वेळेवर बेततात. त्याहून जाच आहे तो उशिराचा. फेलोशिपची रक्कम महिनोन्महिने अडकते, ही तक्रार देशभरातले संशोधक वर्षानुवर्षं करत आहेत. हप्ता उशिरा आला तरी घरमालक आणि बँक थांबत नाहीत. रानड्यांचे ६० रुपये दरमहा मिळत होते, म्हणून ते निवांत वाचू शकले. त्या नियमितपणात अर्धी फेलोशिप असते.

कल्याण-डोंबिवलीत ज्ञातीच्या, शाळांच्या, गणेशोत्सवाच्या कितीतरी संस्था आहेत आणि दरवर्षी त्या दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार करतात, शाल-नारळ आणि पाकीट देतात. त्यांना माझी विनंती आहे. त्यातले थोडे पैसे अशा मुलीसाठी बाजूला ठेवा, जिने प्रबंध दिला आहे, जिचा फेलोशिपचा अर्ज मंजुरीच्या वाटेवर आहे आणि मधले सहा महिने काढायचे आहेत. टाटांच्या निधीसारखे ते कर्जाऊ द्या, फेलोशिप सुरू झाली की ती फेडेल आणि पुढचीला मिळतील. त्याला आनंदीबाई जोशींचं नाव द्या आणि अर्ज सर्व जातींना खुला ठेवा.